भांडण रंगावर, आणि तक्ता कुणी बघितलाच नाही

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका आराखड्याच्या सुनावणीला गेलो होतो. कुठला आराखडा, कुठलं ऑफिस ते राहू दे. हॉलच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लावलेला, येऊरच्या डोंगरापासून ठाणे खाडी ओलांडून पारसिकच्या पलीकडेपर्यंतचा पट्टा, हिरवा पिवळा लाल असा रंगवलेला, आणि खाली बारीक अक्षरात 'अधिवास गुणवत्ता, ० ते १', म्हणजे जीवजंतूंना राहायला ती जागा किती चांगली त्याचा आकडा. त्या फ्लेक्ससमोर दोन तास भांडण झालं. एका बाजूचं म्हणणं, हा शास्त्रीय नकाशा आहे, कॉम्प्युटरने काढलाय, पिवळा म्हणजे सुमार जमीन, मग तिथे काम करायला अडचण काय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कॉम्प्युटरला काय कळतं, आम्ही वीस वर्षं तिथे सकाळी पक्षी बघतोय, फाडा तो नकाशा. मी गेली बारा वर्षं जीआयएसमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामातच, पोट भरतोय, पाइपलाइनी आणि ड्रेनेजचे नकाशे करतो, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकून डोकंच फिरलं. कारण दोन तासांत एकाही माणसाने विचारलं नाही की बाबांनो, हे आकडे आले कुठून आणि ते कुणी भरले?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. असे नकाशे काढणारं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं गणित, आपल्याला पाहिजे, ठाणे-नवी मुंबईसारख्या ठिकाणी तर पाहिजेच पाहिजे. पण त्यामागचे आकड्यांचे तक्ते नकाशाच्या आधी लोकांसमोर आले पाहिजेत, मराठीत, आणि भांडायचं तर त्या तक्त्यांवर भांडलं पाहिजे. आणि जमिनीला लावलेली फूटपट्टी उचलून पाण्याला लावणं बंद झालं पाहिजे.

आता हे मॉडेल करतं काय ते साध्या शब्दांत. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं त्यातलं एक म्हणजे स्टॅनफर्डच्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टचं 'इन्व्हेस्ट', फुकट आहे, कुणीही डाउनलोड करावं. आधी तुम्ही सॅटेलाइट इमेजवरून जमिनीचे प्रकार पाडता, जंगल, खारफुटी, भातशेती, गवत, तळं, वस्ती. प्रत्येक प्रकाराला ० ते १ मध्ये मार्क देता, घनदाट जंगलाला १, काँक्रीटला ०, मधल्यांना अंदाजाने. मग धोक्यांचा तक्ता, म्हणजे हायवे, वस्ती, कारखाना, खाण वगैरे, त्यात प्रत्येक धोक्याचं वजन किती, तो किती किलोमीटरपर्यंत पोचतो, आणि अंतर वाढेल तसा हळूहळू विरतो की झपकन संपतो. मग तिसरा तक्ता, कुठल्या जमिनीला कुठला धोका किती झोंबतो. हे सगळं एकत्र दळलं की प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळतो आणि त्या आकड्याला रंग. म्हणजे गंमत बघा, कॉम्प्युटरने फक्त दळण दळलं, धान्य माणसाने टाकलंय. आणि येऊरच्या एखाद्या चौकोनाला ०.६२ आलं याचा अर्थ तिथे ६२ टक्के निसर्ग शिल्लक आहे असा नसतो, त्याच नकाशातल्या ०.४ पेक्षा बरा, एवढाच असतो. दुसऱ्या कुणी दुसऱ्या तक्त्याने केलेल्या नकाशातल्या ०.६२ शी त्याचं काहीएक नातं नाही.

हे काहीतरी परदेशी खूळ आहे, आपल्या मातीत असलं काही नव्हतं, असं जे कुणी म्हणतात त्यांनी आपला सातबारा काढून बघावा. दख्खनमध्ये १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मोजणी केली, अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धांत डोक्यात ठेवून. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याच्या ५५ टक्के सरकारला. कागदावर एकदम चोख. पण आकडे गोळा करणारे हाताखालचे लोक, त्यांनी ते वाटेल तसे ठोकून दिले, सारा भलताच बसला, आणि लोक शेतं टाकून निघून गेले. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी काम नव्याने सुरू केलं. सिद्धांत बाजूला ठेवला आणि शेतात उतरून माती बघितली. रंग कसा, खोली किती, त्यावरून नऊ प्रती पाडल्या, सगळ्यात चांगली सोळा आण्यांची, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं असा एकेक दोष निघाला की प्रत एक पायरी खाली. १८४७ मध्ये हे नियम रीतसर छापले गेले. सातबाऱ्यावरचा 'आकार', म्हणजे शेतसारा, त्याच घराण्यातला, आणि प्रतबंदी हा शब्द भूमी अभिलेखवाले अजून वापरतात. मला विचाराल तर ही अधिवास गुणवत्ता म्हणजे १८३५ च्या प्रतबंदीची नातवंडं आहेत, दोषांचे मार्क कापण्याची पद्धतसुद्धा तीच. प्रश्न एवढाच की आपण प्रिंगलच्या वाटेने चाललोय की विंगेटच्या?

आणि आपल्याकडे आकड्यावर भांडायची रीत नाही असंही नाही. पिकांची आणेवारी, आता पैसेवारी म्हणतात, पन्नास पैशांच्या वर लागली की खाली यावर गावंच्या गावं तहसीलदाराच्या दारात बसतात. कापणी प्रयोग कुठल्या शेतात घेतला? ओढ्याकाठच्या बागायती तुकड्यातच का घेतला? हा प्रश्न विचारायला शेतकऱ्याला पीएचडी लागत नाही. त्याला माहितीये की आकडा आकाशातून पडत नाही, कुठल्यातरी शेतात कुणीतरी विळा चालवून तो काढलेला असतो. मग अधिवासाच्या आकड्यासमोर आपण एवढे हात जोडून का उभे राहतो, किंवा एवढे चिडून का उठतो? (जाता जाता, सातबाऱ्यावर 'पोटखराब' म्हणून जो भाग असतो, लागवडीला नालायक, नाल्याचा काठ, खडक, खाचखळगे, बहुतेक जीवजंतू नेमके तिथेच राहतात. सारा गोळा करणाऱ्याच्या लेखी खराबा, घोरपडीच्या लेखी घर. ज्याने तक्ता भरला त्याला काय पाहिजे होतं, त्यावर सगळं.)

आता विरोधकांचा सगळ्यात भारी मुद्दा, आणि तो मला खरंच टोचतो. ते म्हणतात, एकदा निसर्गाला आकडा लावलात की त्याचा सौदा होणार. हे काही कल्पनेतलं भूत नाही. अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने १९८० मध्ये जी पद्धत आणली तिच्यात अधिवासाचा ० ते १ चा निर्देशांक काढायचा आणि त्याला क्षेत्रफळाने गुणायचं, की झाली 'अधिवास युनिट'. गणिताने दहा हेक्टर गुणिले ०.३ म्हणजे तीन हेक्टर गुणिले १. मग दहा हेक्टर खाजण गेलं तर काय बिघडलं, आम्ही तीन हेक्टर चांगलं जंगल कुठेतरी दुसरीकडे लावून देतो. आपल्याकडे 'भरपाई वनीकरण' नावाने हे चालूच आहे, इथलं तोडायचं आणि लांब कुठल्यातरी जिल्ह्यात रोपं लावायची. इथल्या चिंबोरीला त्या रोपांचा काय उपयोग? तर हा धोका मान्य, शंभर टक्के मान्य. पण मग आकडा लावलाच नाही तर सौदा थांबतो का? आरेत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रातोरात झाडं पडली तेव्हा कुठल्या निर्देशांकाने ती पाडली? आकडा नसतो तेव्हा जमिनीची किंमत शून्य धरली जात नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा वेस्टलँड ॲटलास उघडावा, सरकार स्वतः छापतं, झुडपी माळरान त्यात पडीक म्हणून रंगवलेलं आहे. आकडा न लावणं हाही एक आकडाच असतो हो, आणि तो नेहमी शून्य असतो. सौदा रोखायला आकडा पुसून चालणार नाही, या आकड्याने गुणाकार करायचा नाही असा नियम लागतो. तो सुनावणीत मागता येतो, पण त्या दिवशी कुणीच मागितला नाही.

दुसरा मुद्दा, मॉडेलला दिसत नाही. हाही बरोबर आहे, आणि त्या हॉलमध्ये दोन तासांत एकच माणूस मुद्द्याचं बोलला तो याच्यावर. खाडीकाठच्या गावातले एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, पांढरा सदरा, हातात पिशवी. ते फ्लेक्सजवळ गेले, एका पिवळ्या तुकड्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "साहेब, ह्यो जो पिवला केलाव ना, या आमचे शेतान पावसाल्यान मासं येतान." टेबलामागे एक तरुण पोरगा होता, कन्सल्टंटकडचा, अदबीने म्हणाला, "आजोबा, ही इमेज फेब्रुवारीची आहे." "मंग पावसालेची घ्या." "पावसाळ्यात ढग असतात आजोबा, काही दिसत नाही." त्यावर आजोबा म्हणाले, "तुमाना दिसत नाय म्हंजे मासं नसतान का?" हॉल हसला, पोरगाही हसला, आणि सगळे परत रंगावर भांडायला मोकळे झाले. खरं तर अख्खी सुनावणी त्या एका वाक्यावर थांबायला पाहिजे होती.

कारण ते जे म्हणत होते ती वलगण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जूनमध्ये पहिले दणकून पाऊस झाले की ओढे-नाले भरतात आणि गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट, वर चढतात, अंडी घालायला, बांध ओलांडून पार भातखाचरात जातात. ठाणे-रायगडच्या गावांमध्ये वलगणीचे मासे ही त्या आठ-दहा दिवसांची जत्रा असते, टॉर्च घेऊन रात्री माणसं शेतात. म्हणजे तेच खाचर जून ते सप्टेंबर माशांचं बाळंतघर आणि फेब्रुवारीत भेगाळलेली जमीन. सॅटेलाइट फोटोला तर फेब्रुवारीच आवडतो, आकाश स्वच्छ. युरोपचा सेंटिनल-२ दहा मीटरचा पिक्सेल देतो, दर पाच दिवसांनी फेरी मारतो, पण ढगातून त्याला काही दिसत नाही, म्हणून बहुतेक जमीन-वापराचे नकाशे नोव्हेंबर ते मे या काळातल्या इमेजवर बनतात. जो देश चार महिन्यांच्या पावसावर जगतो त्याच्या पाण्याचं पुस्तक आपण उरलेल्या आठ महिन्यांत लिहितो. आता कुणी म्हणेल रडार आहे ना, सेंटिनल-१ ढगातून बघतो, आणि आपला-अमेरिकेचा निसार जुलै २०२५ मध्ये वर गेलाय. आहेच की! म्हणूनच म्हणतो मॉडेल फेकू नका, त्याला पावसाळी इमेज द्या. ती देता येते, फक्त कामाच्या ऑर्डरमध्ये लिहावं लागतं.

पाण्याचा प्रश्न याच्याही खाली आहे. या मॉडेलात धोका मोजला जातो सरळ रेषेच्या अंतराने, कावळा उडतो तसा. जंगलाला हे ठीकच आहे, हायवेचा आवाज, उजेड, माणसांची वर्दळ साधारण चहूबाजूंनी सारखी पसरते. पण पाणी कावळ्यासारखं उडत नाही. नदीच्या एका बिंदूपासून एक किलोमीटर वर असलेला कारखाना आणि एक किलोमीटर खाली असलेला कारखाना या गणितात सारखेच धोकादायक ठरतात. हे पनवेलच्या कुठल्याही पोराला पटेल का? कासाडी नदी घ्या, तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहते, २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथे भटकी कुत्री कारखान्याच्या रंगाने निळी दिसायला लागली होती, सगळ्या देशाने फोटो बघितले. ती निळाई नदीत उतरली की वरच्या डोंगराकडे जाणार आहे का? ती खालीच जाणार, खाडीत. आणि उलटं, खाली बांधलेला एखादा बंधारा वरच्या वीस किलोमीटरच्या माशांची वाट बंद करतो, त्या वीस किलोमीटरमध्ये पाणी कितीही काचेसारखं असो, नकाशात ते हिरवंगार दिसणार. म्हणून गोड्या पाण्याला पाणलोटाने मोजायचं असतं, वर काय आहे, खाली वाट मोकळी आहे का. हे करणारी मॉडेलं आहेत, नवीन शोध लावायचा नाहीये, फक्त ती कुणी मागत नाही कारण टेंडरमध्ये 'लँड यूज' एवढंच लिहिलेलं असतं.

आणि आपल्याकडे तर खाडी. इथे पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, उतार कुठल्या बाजूला म्हणायचा? खारजमिनीचे बांध असतात मीटर-दीड मीटर उंचीचे, फुकट मिळणाऱ्या तीस मीटरच्या उंचीच्या नकाशात त्यांचा मागमूसही नसतो, त्या नकाशाची स्वतःची चूकच काही मीटरची. त्या बांधाला जी उघाडी असते, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी, ती एक लाकडी झडप ठरवते की आतली शंभर एकर गोडी राहणार की खारी होणार. झडप कुजली की दोन-तीन भरत्यांत शेत गेलं, पुढे काही वर्षांत खारफुटी आली. नवी मुंबईत सिडकोने हेच तत्त्व मोठं करून वापरलं, समुद्राच्या भरतीपेक्षा खालची जमीन, म्हणून होल्डिंग पाँड, भरतीला गेट बंद आणि पावसाचं पाणी तळ्यात थांबणार, ओहोटीला सुटणार. आता त्याच तळ्यांत खारफुटी माजलीये, गाळ काढायचा म्हटलं तर खारफुटीला कोर्टाचं संरक्षण, नाही काढला तर सेक्टरांत पाणी. ते गटार आहे की अधिवास? दोन्ही आहे, आणि तक्त्यात 'दोन्ही' नावाचा रकाना नाही. सीवूड्सचं फ्लेमिंगोंचं तळं आठवतं ना, २०२४ च्या उन्हाळ्यात खाडीचं पाणी आत यायची वाट बंद झाली, तळं आटत गेलं, पक्षी मेले. जमिनीचा प्रकार बदललाच नव्हता. तळं ते तळंच, सॅटेलाइटच्या दृष्टीने फार तर थोडं फिकट. सगळा खेळ एका पाण्याच्या वाटेचा होता, आणि ती वाट नकाशाच्या कुठल्याही लेयरमध्ये नसते, ती त्या वाटेवर राहणाऱ्या माणसालाच माहीत असते.

इथवर वाचून 'आम्ही रोज पक्षी बघतो' वाले खूश झाले असतील, तर त्यांनाही थोडं ऐकवतो, कारण त्यांचा पुरावाही तेवढाच डळमळीत आहे. ठाणे खाडीत फ्लेमिंगो लाखाच्या घरात येतात, २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, शिक्का बसला, आनंद आहे. पण त्यातले बहुतेक 'छोटा फ्लेमिंगो' या जातीचे, ते खातात काय? शेवाळ, निळं-हिरवं. आणि ते शेवाळ वाढतं कशावर? आपण सगळे मिळून खाडीत जे सांडपाणी सोडतो त्याच्यावर, काही अंशी तरी. म्हणजे गुलाबी पक्षी भरपूर दिसले म्हणून खाडी निरोगी, असं म्हणणारा माणूस मॉडेलपेक्षा जास्त फसलाय. त्याच खाडीत जिताडा मासा किती मिळतो ते चेंदणी किंवा दिवाळ्याच्या कोळणीला विचारा, उत्तर देताना ती हसणार नाही. एका जातीला जे विष ते दुसरीला ताट. बिबट्याचंही तसंच, त्याला जंगलाची कड आणि कडेची भटकी कुत्री दोन्ही चालतात, नकाशावर ०.४ असलेल्या जागी तो मजेत असतो. तेव्हा डोळ्यांनी बघणं हाही एक नमुनाच आहे, तोही सकाळी सहा ते आठ, रविवारी, जिथे गाडी लावायला जागा आहे तिथेच घेतलेला. मॉडेल निदान आपली गृहीतकं लिहून ठेवतं. आपण ठेवतो का?

अजून एक आक्षेप, हा मात्र तज्ज्ञांच्या बाजूने येतो आणि हॉलमध्ये तो दबक्या आवाजात आलाही. तक्ते लोकांपुढे ठेवले तर जो तो आपल्या सोयीने वजनं ओढणार, शेवटी शास्त्राची खिचडी होणार. यात तथ्य आहेच, ज्याची जमीन तिथे आहे तो शून्याकडे ओढणार हे उघड आहे. पण सुनावणी संपल्यावर मी त्या पोराला खालच्या टपरीवर चहाला घेऊन गेलो, गुणी पोरगा, त्याने लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. भातशेतीला ०.३. म्हटलं हे कुठून आलं रे? म्हणाला, सर, आमच्या जुन्या प्रोजेक्टमधून उचललं, तो दुसऱ्या राज्यातला होता, कोरडवाहू भाग, आणि त्यांनीही एका पेपरमधूनच घेतलं होतं. म्हटलं ०.६ करून बघ. त्याने केलं, कटिंग संपायच्या आत नकाशा परत आला आणि आजोबांचं बोट होतं तो तुकडा पिवळ्याचा पोपटी झाला होता. खिचडी आधीच शिजलेली होती हो! फक्त झाकण लावून. यात फसवणूक वगैरे काही नाही, बऱ्याच अभ्यासांत वजनं अशीच येतात, चार तज्ज्ञांच्या अंदाजातून नाहीतर दुसऱ्याच्या पेपरातून, आणि ते उघड सांगितलेलंही असतं, परिशिष्टात, जिथे कुणी जात नाही.

लोकांना विचारून नकाशा बिघडतोच असंही नाही. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरिअर रीफची फेरआखणी केली ती मार्क्सन नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने, पण दोनदा लोकांपुढे नेऊन, एकतीस हजारांवर हरकती-सूचना आल्या, मच्छीमारांच्या, बोटवाल्यांच्या, सगळ्यांच्या. नकाशा बदलला, आणि २००४ मध्ये जेव्हा लागू झाला तेव्हा मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेलेला होता. आणि लोकांना न विचारता काय होतं ते बघायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही, आपलं गाडगीळ समितीचं प्रकरण आहे. त्यांनी अख्ख्या पश्चिम घाटाचे साधारण नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले, प्रत्येकाला मार्क दिले, आणि अहवालात स्वच्छ लिहिलं की हे प्राथमिक आहे, शेवटचं ग्रामसभांनी ठरवावं. अहवाल दिला ऑगस्ट २०११ मध्ये. लोकांना वाचायला मिळाला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकार आणि कोर्टातून. मधल्या नऊ महिन्यांत आणि नंतरही गावोगाव पोचली ती फक्त अफवा, की तुमचं गाव लाल झोनमध्ये, आता घराला रंगही देता येणार नाही. मग कस्तुरीरंगन समिती आली, चोवीस मीटरची सॅटेलाइट इमेज, कितीतरी बारीक नकाशा, ३७ टक्के घाट संवेदनशील. बारीक झाला म्हणून भांडण मिटलं का? सिंधुदुर्गात विचारा. पिक्सेल लहान केल्याने विश्वास वाढत नाही. ग्रामसभेसमोर चौकोनांचे मार्क ठेवले असते तर भांडण झालंच असतं, कदाचित जास्त झालं असतं, पण ते या गावाला सात का आणि शेजारच्याला चार का, असं झालं असतं.

आणि हे कागदावरचे आकडे निव्वळ कागदावर राहत नाहीत. इस्रोने देशाचा पाणथळ ॲटलास केला तेव्हा २.२५ हेक्टरच्या वरच्या पाणथळी आकारासकट काढल्या, २,०१,५०३ भरल्या, आणि त्याहून लहान साडेपाच लाखांवर होत्या त्या नुसत्या टिंबाने दाखवल्या. नकाशा काढणाऱ्याची सोय होती ती, पिक्सेलच्या हिशोबाने योग्यच. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने संरक्षणाचा आदेश दिला तो त्या २,०१,५०३ ना. टिंबं बाहेर राहिली. त्याच वर्षी नवे पाणथळ नियम आले, त्यात भातखाचरं, नदीचं पात्र, मिठागरं व्याख्येतूनच वगळली. आता आजोबांचं खाचर घ्या, आकाराने टिंब, व्याख्येने बाद, इमेजमध्ये कोरडं, तक्त्यात ०.३. चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेगवेगळ्या ऑफिसांत बसून, कुणाच्याही मनात वाईट नसताना, ते चार वेळा पुसलं.

माझ्या हरकतीत मी तीन मागण्या लिहिल्यात. तिन्ही तक्ते मराठीत प्रसिद्ध करा, प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहून. पाण्यासाठी पाणलोटावर आधारलेलं वेगळं मॉडेल, निदान एक पावसाळी इमेज घेऊन. आणि एक दुसरा नकाशा, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, वजनं थोडी वरखाली करून तेच मॉडेल शंभर वेळा चालवायचं आणि कुठला तुकडा किती वेळा रंग बदलतो ते छापायचं. जो शंभरही वेळा हिरवा राहतो, येऊरच्या आतल्या भागासारखा, त्यावर चर्चा नकोच, हात लावायचा नाही. जो शंभर वेळा लाल, तिथे वेळ घालवायचा नाही. जे मधले, पन्नास वेळा पोपटी आणि पन्नास वेळा पिवळे, तिथे बूट घालून जायचं, गावातल्या माणसाला सोबत घेऊन. असे तुकडे निघतील बहुतेक खाडीकाठी आणि नाल्यांच्या कडेला, आणि ते मोजके असतील, एका पावसाळ्यात चालून होण्यासारखे. लॅपटॉपला हे रात्रभराचं काम आहे, मी त्या पोराला विचारून घेतलंय.

हरकतीची पोच मिळाली, पुढचं अजून काही कळलेलं नाही. मधल्या वेळात आजोबांचा नंबर घेऊन ठेवलाय. जूनमध्ये त्यांच्याकडे जायचंय, तारीख-वेळ-लोकेशन उमटेल असा कॅमेरा घेऊन, पुढच्या हरकतीला जोडायला. कधी येऊ विचारलं तर त्यांनी तारीख सांगितली नाही, म्हणाले मिरगाचा पयला पाऊस परला की फोन करीन, लगेच निघायचं, दोन दिवसांनी येऊन उपेग नाय. आणि रात्रीचे या, चपला नको, चिखलान जातान.